मागचे दोन टायर

प्लास्टर रूममध्ये येणारा प्रत्येक माणूस आपल्या पडण्याची एक गोष्ट घेऊन येतो, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी थापा असतात. जिन्यावरून पाय घसरला म्हणणारा गृहस्थ मुळात डुगडुगत्या स्टुलावर चढलेला असतो. चालता चालता पडले म्हणणाऱ्या बाई नातवाच्या स्केटिंगच्या बुटांत पाय घालून बघत असतात. डॉक्टर एक्स-रे बघतात, हाड जागेवर बसवतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. प्लास्टर घालायचं काम तिचं. कापूस गुंडाळायचा, पट्टी कोमट पाण्यात बुडवून पिळायची, आणि प्लास्टर सुकेपर्यंत समोरच्याचा हात आपल्या हातात धरून बसायचं. तेवढ्या वेळात माणूस बोलतो. नजर सिंककडे वळवून, जरा जास्तच मोकळ्या आवाजात बोलायला लागला की तिला कळायचं, थाप आहे.

एवढी वर्षं मोडलेली मनगटं आणि हासळीची हाडं हाताळून तिचं एक झालं होतं. तिला वस्तू दिसायच्या आधी त्यांच्यावरून पडणारा माणूस दिसायचा. ओली फरशी दिसली की खुबा, झोपाळा दिसला की कोपर. घरात पायपुसणी एकाच जागी राहत नाहीत म्हणून तिने ती खाली चिकटवून टाकली होती. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. तो म्हणायचा, "मी दिवसभर एवढ्या उंचावर बसतो, त्याचं तुला काही नाही, आणि मी बाथरूममध्ये गेलो की तू दाराबाहेर उभी." ती म्हणायची, "क्रेनला कठडा असतो."

अशा बाईच्या पोटी छोटी जन्मली. नाव छोटी, पण आता आईपेक्षा चांगली वीतभर उंच. लहानपणी भिंतीवर चढायची, मोठेपणी एटीव्हीवर चढली. एटीव्ही म्हणजे मोटरसायकलचं हँडल आणि चार फुगीर चाकं असलेली खेळातली गाडी, जिला टप नाही, दार नाही, पट्टा नाही. छोटीच्या काकाने, म्हणजे हिच्या धाकट्या दिराने, कुणाची तरी आपटलेली एक गाडी आणली. त्याचं गेट आणि ग्रिल बनवायचं वर्कशॉप होतं. काका-पुतणी दोघांनी मिळून चासी वेल्ड केली, इंजिन बसवलं, आणि शाळा संपल्या संपल्या छोटी शर्यतीत उतरलीसुद्धा.

त्या वेळी घरात मोठी भांडणं झाली. ती निवळली ती एका न बोललेल्या करारावर. छोटीने चालवायचं आणि आईने बघायचं नाही. शर्यतीच्या दिवशी ती मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायची. दर तासाला मेसेज करायची, "आहेस ना?" आणि छोटीचं उत्तर यायचं, "आहे." दीर तिला समोर वहिनी म्हणायचा आणि मागे हँडब्रेक. हे तिला माहीत होतं, आणि त्याला माहीत होतं की तिला माहीत आहे.

शर्यतीशी तिचा संबंध एवढाच, की घरी आल्यावर छोटीचे कपडे ती धुवायची. जर्सी आणि पॅन्ट बादलीत भिजत टाकली की पाण्याला लाल रंग चढायचा आणि तळाशी मऊसूत चिखल बसायचा. तो ओतून देताना तिला जरा बरं वाटायचं. एवढी मऊ माती आहे, म्हणजे पडली तरी निदान मातीत पडेल.

त्या आठवड्यात मागचे दोन्ही टायर संपले. रविवारी शर्यत होती. छोटी संध्याकाळी कुरिअरच्या काउंटरवर काम करायची, काका एका बंगल्याचं गेट बसवण्यात अडकलेला. शेवटी छोटीने अगदी जपून विचारलं, "आई, तुझी ड्यूटी सुटल्यावर टायरचं दुकान उघडं असतं. आणशील? मी फोन करून ठेवलाय. त्यांच्याकडे आपल्या साइझच्या दोन जोड्या आहेत. उथळ नक्षीची घे."

"टायर आणि मी?"

"फक्त आणायचेत. बसायचं नाहीये त्यावर."

ती गेली. दुकानात छतापर्यंत रॅक होते आणि रबराच्या वासाने नाक चोंदत होतं. टायरवाल्याने दोन्ही जोड्या तिच्यासमोर जमिनीवर आडव्या टाकल्या. छोटीने सांगितलेल्या टायरवरून तिने अंगठा फिरवला. बारीक, बुटके ठोकळे. मधल्या फटीत नखसुद्धा पुरतं शिरेना.

"हे नवीन आहेत?"

"नवीनच आहेत, ताई."

"झिजल्यासारखे दिसतायत."

"त्यांची नक्षीच तशी असते."

शेजारची जोडी बघितली आणि तिचा जीव भांड्यात पडला. बोटाएवढे उंच, जाडजूड रबरी ठोकळे. जमिनीत असे रुतून बसतील की गाडी हलायचं नाव घेणार नाही. "आणि हे?"

"हे मऊ जमिनीचे. चिखल, वाळू, भुसभुशीत माती. हे जमीन पकडून ठेवतात." टायरवाल्याने विचारलं, "तुमच्याकडे जमीन कसली आहे?"

तिने ट्रॅक कधी पाहिला नव्हता. पण ते सांगायची लाज वाटली, आणि तेवढ्यात डोळ्यांसमोर बादली आली.

"माती आहे. लाल. अगदी मऊ."

"नक्की? पोरीने तर फोनवर उथळ सांगितले होते."

"तिचे कपडे मी धुते ना. मला माहीत नाही होय?" ती म्हणाली. "आणि पोरीचं काय, तिला पळायचंय. मला तिला परत घरी आणायचंय."

टायरवाला हसला. त्यालाही मुलं असावीत. "मग हेच न्या," म्हणाला.

टॅक्सीच्या मागच्या सीटवर टायर तिच्या शेजारी दोन पाहुण्यांसारखे बसले होते. वळणावर एक तिच्या खांद्यावर कलंडला, तर तिने त्याला हाताने सावरून धरलं. पहिल्यांदाच त्या गाडीसाठी आपण काहीतरी केलं, असं वाटून ती मनातल्या मनात खूश होती. वर्कशॉपशी उतरण्याआधी तिने रुमालाने त्यांची धूळसुद्धा पुसली.

"वहिनी! तुम्ही आणि टायर?" दिराने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "कॅलेंडर बघायला पाहिजे, आज काय आहे ते."

"थट्टा पुरे. बघा कसे आहेत."

त्याने टायर उचलला, फिरवला, आणि त्याचं तोंड मिटलं. तेवढ्यात छोटी कुरिअरच्या टी-शर्टातच धावत आली. तिनेही टायर पाहिले. काकाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि छोटीचा बूट त्याच्या पायावर पडला.

"मस्त आहेत," छोटी म्हणाली. नजर कंप्रेसरकडे, आवाज जरा जास्तच मोकळा.

आईने तो लगेच ओळखला. हा आवाज ती रोज ऐकत होती.

"आवडले नाहीत का? उथळवाले हवे होते का? ते अगदीच टकले दिसत होते गं."

"नाही, नाही. हेच बरे. काका, लावून टाका."

"अगं पण, छोटे..."

"काका. लावा."

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. विचारावं तर काय विचारावं, तिला सुचेना. आणि मग छोटीने असं काही केलं की ती सगळं विसरली. छोटी जवळ आली, तिच्या बाहीवरची रबराची काळी रेघ पुसत म्हणाली, "रविवारी येशील बघायला? आता टायर तुझे आहेत."

"येईन," असं ती बोलून गेली, आणि घरी जाईपर्यंत आपल्याच जिभेला शिव्या घालत राहिली.

ट्रॅक एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत होता. तिन्ही बाजूंना उभे कातळ, आणि मधे खाली वळणावळणांचा लाल पट्टा. वरून बघताना तिला हायसं वाटलं. लाल होता खरा.

तिथे एक रीत होती. पहिल्यांदा कुणी गाडी सुरू करायची नाही. प्रत्येक खेळाडूने आपल्या एका माणसाला घेऊन अख्खा ट्रॅक पायी चालायचा. काकाचा गुडघा दुखत होता, किंवा त्याने तसं सांगितलं. छोटीबरोबर आई गेली. पुढेमागे अशाच जोड्या चालल्या होत्या, कुणी मित्र, कुणी बाप. फारसं कुणी बोलत नव्हतं. वळणावर थांबायचे, टाचेने जमीन ठोकायचे आणि पुढे निघायचे.

तिनेही ठोकली. चपलेची टाच टक्क वाजली. तिने पुन्हा ठोकली.

"छोटी, माती कुठाय?"

"ही काय. हीच."

"ही माती नाही, ही फरशी आहे!"

"रोलर फिरवून टणक करतात. वरून पाणी मारतात, तेवढाच थर ओला असतो. सुरुवातीला तो उडतो."

"आणि तुझ्या कपड्यांना लागतो."

"हो. मग खाली सगळं असंच."

ती चालायची थांबली. दुकानातला प्रश्न तिच्या कानात आला आणि आपलं उत्तरही, जसंच्या तसं, ठसक्यासकट. "मग मी आणलेले टायर..."

"चालतात गं. काकाने हवा जास्त भरलीय."

"चालतात, की तू चालवून घेतेयस?"

"आई, पुढे चल ना. मागचे थांबलेत."

छोटी झपझप पुढे गेली. खालच्या टोकाला एक उतरतं वळण होतं, हातातली बांगडी वाकवावी तसं आत वळलेलं, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला कातळ. कातळापुढे जुन्या टायरांची एक उतरंड रचली होती, पण तिला फक्त कातळ दिसला. तिथे छोटी जरा जास्त वेळ थांबली. टाच ठोकली नाही. नुसती बघत राहिली.

सराव सुरू झाला तेव्हा आई दोरीच्या कुंपणाशी दिराजवळ उभी होती. एकेक गाडी गुरगुरत आत जात होती.

"भावोजी, आता खरं सांगा. पाय तुडवायला छोटी इथे नाहीये."

त्याने मान खाजवली. "वहिनी, कसं आहे, टणक जमिनीवर ही गाडी वळताना मागून घसरली पाहिजे. घसरली की ती खाली बसून राहते. तुमच्या टायरांचे ठोकळे उंच आहेत. ते जमीन सोडत नाहीत. मागचं चाक घसरत नाही, मग सगळा जोर वर जातो..."

"आणि?"

"आणि आतल्या बाजूची चाकं उचलतात."

"हे तुम्हाला परवाच माहीत होतं."

"तिने शपथ घातली, वहिनी. मी म्हटलं, सरावात बघू, नाही जमलं तर..."

"नाही जमलं तर काय? माझ्याकडे प्लास्टर आहेच, असं?"

उत्तर खालच्या वळणावर आलं. छोटीची गाडी उतारावरून आली, हँडल वळलं, आणि आतली दोन्ही चाकं जमीन सोडून हळूच वर उठली. अगदी सावकाश, कुणी उशीखाली हात घालून उचलावी तशी. छोटी आतल्या बाजूला अंग झोकून जवळजवळ लटकली होती. गाडी दोन चाकांवर कातळाकडे सरकत गेली. दिराच्या तोंडून आवाज निघाला. मग दोन्ही चाकं धाडकन खाली आपटली आणि गाडी वाकडीतिकडी होत ट्रॅकवर आली.

छोटी आत आली, हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक.

"हात दाखव," आई म्हणाली.

"काय झालं हाताला?"

"दाखव."

हातमोज्यातून निघालेली बोटं थरथरत होती. "क्लच जड झालाय," छोटी म्हणाली आणि पलीकडच्या ट्रेलरकडे बघायला लागली.

"छोटी, मी दिवसभर हेच ऐकते. उतर खाली."

शेजारच्या गाडीवरचा एक दाढीवाला खेळाडू आपल्या मित्राला म्हणाला, "लागला रे हँडब्रेक!" दिराने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपल्या नटबोल्टात डोकं घालून बसला.

"मला माहीतच होतं," छोटीचा आवाज फाटला. "एकदा आलीस आणि पहिल्याच दिवशी मला शर्यतीतून काढलंस!"

"मी टायर काढायला सांगतेय. मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तू कधी त्या गाडीकडे बघत नव्हतीस. आणि परवा टायर आणलेस ते पुसूनबिसून! त्यावर म्हणू, आई चुकलीस, परत दे? मग तू पुन्हा कधी आली असतीस?"

"आणि खाली त्या वळणावर पडली असतीस तर? मग आले असते का मी पुन्हा?"

बोलायचं नव्हतं ते बोललं गेलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग दीर घसा साफ करत म्हणाला, "जुने टायर ट्रेलरमध्ये आहेत. मी टाकून आणले होते. बोलायचं धाडस होत नव्हतं."

त्याने ते ओढून बाहेर काढले. दुकानातले उथळ टायर तिला टकले वाटले होते, पण हे खरे टकले. मधले ठोकळे झिजून सपाट झालेले. एकाच्या पोटात पंक्चर बुजवायची रबरी वात ठोकलेली, तिचं टोक बाहेर आलेलं. तिच्या डोळ्यांपुढे नेहमीप्रमाणे सगळं उभं राहिलं, वात सुटणं, टायर बसणं, गाडी कलंडणं. हात तोंडाशी गेला. घरी चल, हे दोन शब्द जिभेवर अगदी तयार होते. ते बोलली असती तर छोटी आली असती. एवढं तिला दिसत होतं.

तिने विचारलं, "यांच्यावर गाडी घसरते तेव्हा तुला कळतं?"

"कळतं. घसरायच्या आधीच कळतं. कमरेत कळतं."

"आणि नव्यांवर?"

छोटी खाली बघत म्हणाली, "चाकं उचलल्यावर."

"मग संपलं. लावा भावोजी."

सोपं नव्हतं ते. बुटक्या टायरची कड रिमला अशी घट्ट बसते की सुटता सुटत नाही. लाउडस्पीकरवरून शर्यतीची हाकाटी सुरू झाली होती. दीर टॉमीची लोखंडी पट्टी घालून टायर उपसत होता, छोटी साबणाचं पाणी ओतत होती, आणि कड जरा सुटली की पुन्हा आत जाऊन बसत होती.

"धरून ठेवायला कुणीतरी हवं!" दीर ओरडला.

तिने साडीचा पदर खोचला, दोन्ही गुडघे टायरवर रोवले आणि अंगाचा सगळा भार दिला. मनगटं तिची भक्कम होतीच. कड खाली गेली. "दाबून ठेवा, वहिनी, सोडू नका!" "सोडतेय कोण! तुम्ही हात चालवा!" साबणाचं पाणी तिच्या गुडघ्यांवरून ओघळत होतं. दुसरं चाक बसवून दिराने शेवटचा नट आवळला, तेव्हा बाकीच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. छोटीने हेल्मेट चढवलं, एकदा आईकडे पाहिलं आणि गेली.

आई धावत खालच्या वळणाशी जाऊन उभी राहिली. दुसरीकडे कुठे उभं राहणं तिला शक्यच नव्हतं.

पहिल्या फेरीला छोटी आली आणि गाडीचा मागचा भाग झर्रकन बाहेर फेकला गेला. आईने डोळे मिटले. उघडले तेव्हा छोटी वळणाच्या पार गेलेली. दुसऱ्या फेरीला तिने दोरी मुठीत आवळली आणि डोळे उघडे ठेवले. पुन्हा तसंच. मागचा भाग बाहेर, धुळीचा फवारा, छोटी आत झुकलेली, आणि चारही चाकं जमिनीवर. तिच्या सवयीच्या डोळ्यांना ते दर वेळी पडणंच दिसत होतं. पण फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि तिला त्यात एक ठिकाण सापडलं, जिथे घसरणं संपून गाडी पुन्हा पुढे निघते. मग ती त्या ठिकाणाची वाट बघायला लागली. श्वास तिथे सोडायचा.

शेवटाकडे ते ठिकाण आलंच नाही. गाडी घसरली आणि जरा जास्त घसरत राहिली. डावं मागचं चाक खाली बसल्यासारखं दिसत होतं. छोटीने मान वळवून चाकाकडे पाहिलं. तिच्या पुढे दोनच गाड्या होत्या, मागून तिसरी अंगावर येत होती. आईने ओरडायला तोंड उघडलं, आणि काय ओरडायचं तेच तिला कळेना. थांब म्हणायचं की जा?

छोटीने हात वर केला. वेग कमी केला, ट्रॅकची कड गाठली आणि दोरीशी येऊन थांबली. मागची गाडी भुर्रकन निघून गेली.

आई दोरीखालून वाकून तिच्याजवळ पोचली. टायर रिमवर सपाट बसला होता, वात कुठे उडून गेली होती. छोटीने हेल्मेट काढलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल. बोटं स्थिर होती, आईने आधी तीच पाहिली.

"हवा गेली," छोटी म्हणाली. "कमरेत कळलं. थांबले."

"कितवी होतीस?"

"तिसरी."

"तिसरी? आणि राहिल्या किती होत्या?"

"एक फेरी."

"एकच?" आई म्हणाली. "अगं, मग एक फेरी निघाली असती की!"

धापा टाकत येणारा दीर जागच्या जागी थांबला. छोटी आईकडे बघतच राहिली. आणि मग आपण काय बोललो ते आईच्या ध्यानात आलं. तिने तोंडावर हात ठेवला. आणि ती त्या टणक जमिनीवरच फतकल मारून बसली.

"काका, ऐकलंत ना?" छोटी म्हणाली. "घरी बाबांना सांगायला साक्षीदार हवा."

"ऐकलं," दीर म्हणाला. "पण तुझे बाबा मलाच वेडा ठरवतील."

"पुरे झालं दोघांचं." आई गुडघ्यांवर हात टेकून उठली. पुढच्या फेरीच्या गाड्यांचा आवाज जवळ येत होता. "इथून हलवा आधी ही. कुणीतरी येऊन आदळेल."

बसलेल्या टायरवर गाडी दगडासारखी जड झाली होती. दीर मागे गेला. आईने पदर पुन्हा खोचला आणि डाव्या बाजूने खांदा लावला.

"आई, सोड, मी ढकलते."

"गप. तू हँडल सरळ धर."